व्रण आणि नोंद

युद्धासाठी बांधलेली आणि युद्ध सरल्यावर कोणाच्याच उपयोगाची न राहिलेली बांधकामे मोजावीत, त्यांचे नकाशे काढावेत, याद्या कराव्यात आणि त्या पुढच्या पिढीच्या हाती सोपवाव्यात, ही प्रथा जगात फार जुनी नाही. किल्ल्यांची वर्णने बखरकारांनी केली, प्रवाशांनी केली, सरकारी गॅझेटिअरांनीही केली. परंतु दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याकिनाऱ्याने घाईघाईने ओतलेल्या काँक्रीटच्या ठाण्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वळायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. यांतील बंकर म्हणजे जमिनीत पूर्ण किंवा अर्धवट पुरलेली, तोफगोळे झेलू शकेल इतक्या जाड भिंतींची खोली किंवा खोल्यांची मालिका. आणि पिलबॉक्स म्हणजे तिचे लहान, बहुधा जमिनीवरचे रूप, ज्याला खिडक्यांच्या जागी अरुंद फटी असतात आणि त्या फटींतून आतले मोजके सैनिक समोरचा टापू बंदुकीच्या माऱ्यात ठेवतात. १९४० मध्ये जर्मन स्वारीच्या धास्तीने ब्रिटनने अशी सुमारे २८,००० ठाणी उभी केली, आणि १९९५ ते २००२ या काळात कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी या संस्थेच्या पुढाकाराने शेकडो हौशी स्वयंसेवकांनी शेतांतून, कड्यांवरून आणि वाळूच्या टेकड्यांतून हिंडून संरक्षणाच्या जवळजवळ २०,००० जागा नोंदवल्या. हे काम पुरातत्त्वाचे आहे याविषयी वाद नाही. मात्र त्याच्या तळाशी असा एक प्रश्न आहे जो पुरातत्त्वाला सोडवता येत नाही आणि जो धर्मविचाराच्या प्रांतात पडतो: जी वस्तू माणूस मारण्याच्या तयारीसाठी घडवली गेली, तिची स्मृती काळजीपूर्वक जपणे हे नेमके कोणत्या जातीचे कृत्य आहे? ते पूजन आहे, प्रायश्चित्त आहे, की केवळ साक्ष?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वसईजवळचे सांडोर हे गाव सोयीचे ठरते, ते काँक्रीटमुळे नव्हे, तर त्याच्या जागेमुळे आणि तेथील चर्च ज्या संताला वाहिलेले आहे त्याच्यामुळे. वसईचा किल्ला खाडीच्या मुखाशी आहे आणि सांडोर त्याच्या उत्तरेला, म्हणजे तटाच्या बाहेर, बागायतीच्या सपाट पट्ट्यात वसलेले आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ च्या तहान्वये वसई पोर्तुगीजांना दिली, १५३६ पासून तेथे त्यांचा कोट उठू लागला आणि पुढची दोनशे वर्षे ते त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे राहिले. परंतु किनारा केवळ एका मोठ्या किल्ल्याने राखता येत नाही. म्हणून वसईच्या उत्तरेस डहाणूपर्यंत अर्नाळा, दातिवरे, कोरे, एडवण, मथाणे, दांडा, केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी कोट, गढ्या आणि सुट्या बुरुजांची एक ओळ तयार झाली, आणि त्यांतील लहान ठाण्यांचे काम पिलबॉक्सच्या कामाहून तत्त्वतः वेगळे नव्हते: थोडी माणसे, जाड भिंत, मारा करण्यासाठी ठेवलेली भोके (ज्यांना मराठीत जंग्या म्हणतात) आणि समोर एखाद्या खाडीचे मुख. केळव्याचा पाणकोट अजून भरतीच्या पाण्यात उभा असतो. तेथलाच भुईकोट सुरूच्या बनात वाळूने बराच गिळला होता. गेल्या काही वर्षांत ‘किल्ले वसई मोहीम’सारख्या स्थानिक गटांतील तरुणांनी या विस्मृत ठाण्यांवरचे रान काढणे, वाळू उपसणे, मापे घेणे हे काम अंगावर घेतले आहे, आणि ब्रिटनमधल्या त्या स्वयंसेवकांशी त्यांचे नाते, दोघांना एकमेकांची खबर नसली तरी, अगदी जवळचे आहे.

ब्रिटिशकालीन लष्करी बांधकाम याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला भेटते. मुंबईत मलबार हिलवरील राजभवनाच्या आवारात २०१६ मध्ये एक भिंत फोडल्यावर जमिनीखालचा १३ खोल्यांचा बंकर सापडला, ज्याच्या खोल्यांवर दारूगोळ्याची कोठी, गोळे वर नेण्याचा पाळणा, पंप, कार्यशाळा अशा अर्थाच्या इंग्रजी पाट्या होत्या. २०१९ मध्ये तो संग्रहालय म्हणून खुला झाला. पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणमला, जेथे ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बॉम्ब खरोखरच पडले, त्या काळाचे पिलबॉक्स वाळूत रुततात आणि लाटांनी वाळू खाल्ली की पुन्हा उघडे पडतात. पश्चिम किनाऱ्यावर शत्रूची आरमारे आलीच नाहीत, आणि त्यामुळे येथील तोफखान्यांचा इतिहास बराचसा वाट पाहण्याचा इतिहास आहे. वाट पाहण्याची नोंद कशी करावी, हाही प्रश्नच आहे. ज्या तोफेने एकही शत्रू मारला नाही तिचे चरित्र लिहिणाऱ्याला तिच्या हेतूवरच बोलावे लागते.

हेतूची पहिली खूण नावात सापडते. वसईच्या तटाला जे बुरूज आहेत त्यांची नावे साव सेबास्तियांव, नोस्सा सेन्योरा दुश रेमेदियुश म्हणजे दुःखनिवारिणी माता, रेइश मागुश म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन ज्ञानी राजे, सांतियागो, माद्रे द देउस म्हणजे देवमाता, साव पेद्रो, साव पावलो अशी आहेत. चुनागच्चीच्या ज्या व्यासपीठावरून तोफ डागायची, त्याला संताचे किंवा देवमातेचे नाव देण्यात त्या काळच्या मनाला कोणतीही विसंगती जाणवत नव्हती, कारण तट हा केवळ शहराचा नव्हे तर श्रद्धेचाही मानला जात होता. संत सेबॅस्टियनची गोष्ट तर विशेष आहे. ख्रिस्ती चित्रकलेत हा संत शतकानुशतके बाणांनी विंधलेल्या देहाच्या रूपात उभा आहे, म्हणजे तो मारा करणाऱ्यांचा नव्हे, मारा सोसणाऱ्यांचा प्रतिनिधी आहे. तरीही त्याच्याच नावाचा बुरूज मारा करण्यासाठी बांधला गेला. हिंदू समाजाला यात परके वाटण्याचे कारण नाही, कारण खंडेनवमीला शस्त्रांवर हळदकुंकू वाहणारा हातही असाच युद्धाला आधीच पवित्र करून ठेवतो. काँक्रीटच्या पिलबॉक्सला मात्र संत नाही. ब्रिटिश लष्कराच्या आराखड्यांत त्याला टाइप २२, टाइप २४ असे केवळ क्रमांक आहेत, आणि राजभवनातल्या खोल्यांना त्यांच्या कामाची नावे आहेत. धर्मदृष्टीने यांतले अधिक प्रामाणिक काय, याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. क्रमांक वस्तूविषयी खरे बोलतो, तिला सोवळे नेसवत नाही. पण तो माणसाविषयी काहीच बोलत नाही, आणि जबाबदारी कोणाची हे विचारायला गेले तर आराखड्याकडे बोट दाखवून मोकळा होतो. संताचे नाव खोटे असेल, परंतु त्या नावामुळे निदान विसंगती दिसू तरी शकते.

ही विसंगती १७३९ मध्ये शब्दशः फुटली. चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी दोन वर्षांच्या मोहिमेत साष्टी आणि भोवतालची ठाणी घेतली, आणि फेब्रुवारी १७३९ पासून खुद्द वसईला वेढा घातला. किल्ल्याच्या समुद्राकडील आणि खाडीकडील बाजूंना पाण्याचे व दलदलीचे संरक्षण होते. म्हणून निर्णायक हल्ला उत्तरेच्या, जमिनीच्या बाजूने झाला, आणि सुरुंग ज्या बुरुजांखाली खणले गेले ते रेमेदियुश आणि सेबास्तियांव हेच होते. सुरुंग म्हणजे तटाच्या पायापर्यंत खणत नेलेले भुयार, ज्याच्या टोकाशी दारू ठासून बत्ती दिली जाते. ते वेळेवर उडाले तर तट कोसळतो आणि अवेळी उडाले तर खणणारेच त्यात जातात, आणि वसईला दोन्ही घडले. दोन्ही बाजूंची फार माणसे पडली, मराठ्यांची अधिक. मे महिन्यात कायतानु द सौझा परेरा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने शरणागती पत्करली. तहात शिबंदीला सन्मानाने निघून जाण्याची आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती. मागे राहिले ते प्रामुख्याने तटाबाहेरच्या गावांतले लोक. ज्या तोफा त्यांच्या धर्माच्या राजाने लावल्या होत्या त्यांच्या माऱ्याच्या टापूत त्यांची घरे होती, आणि ज्या सैन्याने त्या तोफा बंद पाडल्या त्याचे मोर्चेही त्याच वाड्यांच्या अंगाला पडले होते. वसईच्या मोहिमेची जी वर्णने आहेत ती बहुतेक तटावरून किंवा मोर्चातून लिहिलेली आहेत, य. न. केळकरांनी ‘वसईची मोहीम’ लिहून मराठी बाजूची कागदपत्रे नीट लावली, आणि १८७६ मध्ये गोमंतकीय विद्वान जेर्सन द कुन्य यांनी वसई व चौलच्या अवशेषांवरील इंग्रजी ग्रंथात थडग्यांवरचे शिलालेखसुद्धा उतरवून घेतले. दोन तोफखान्यांच्या मधली जमीन या कागदांत फारशी बोलत नाही.

त्याच जमिनीवरचे सांडोरचे चर्च संत थॉमसला वाहिलेले आहे, आणि पुराव्याचा प्रश्न ख्रिस्ती परंपरेत ज्याच्या नावाशी कायमचा जोडला गेला तो प्रेषित हाच. योहानकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो तेव्हा थॉमस तेथे नसतो. इतरांच्या सांगण्यावर तो विश्वास ठेवत नाही, आणि खिळ्यांच्या खुणांत बोट व कुशीत हात घातल्याखेरीज ठेवणार नाही असे म्हणतो. आठ दिवसांनी येशू येतो आणि त्याला तसे करायला सांगतो. या प्रसंगाचे चित्र म्हणून कॅराव्हाजिओने थॉमसचे बोट जखमेत खोलवर गेलेले दाखवले, आणि तेच जगाच्या लक्षात राहिले. पण थॉमसने प्रत्यक्ष स्पर्श केला असे योहान कोठेही म्हणत नाही. त्याला निमंत्रण मिळते आणि तो थेट आपली श्रद्धा बोलून दाखवतो. प्रवचनांतून थॉमस बहुधा अश्रद्धेचा नमुना म्हणून येतो, हे त्याच्यावर थोडे अन्यायाचे आहे. त्याने मागितलेला पुरावा पाहिला तर तो तेजाचा, सिंहासनाचा किंवा चमत्काराचा नाही. त्याने जखमा मागितल्या. मेलेला माणूस परत आला असेल तर त्याच्यावर जे झाले ते पुसले गेलेले नसले पाहिजे, एवढीच त्याची अट आहे, आणि ती अट मान्य केली जाते.

येथून ख्रिस्ती धर्मशास्त्रात एक जुना प्रश्न निघतो, जो अवशेषांच्या जतनाशी सरळ येऊन भिडतो: देह जर पूर्णत्वाने उठणार असेल, तर व्रण का राहावेत? संत ऑगस्टीन ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या शेवटच्या, बाविसाव्या खंडात रक्तसाक्ष्यांविषयी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांविषयी, असे मत मांडतो की त्यांचे तुटलेले अवयव त्यांना परत मिळतील, परंतु घावांच्या खुणा राहतील, आणि त्या खुणा विद्रूपता नसून शोभा असतील. हा भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे. तुटलेले जोडले जाते, पण जोडल्याची जागा दिसत राहते. दुरुस्ती आणि पुसून टाकणे या दोन गोष्टी ऑगस्टीन वेगळ्या ठेवतो, जे आजच्या अनेक जीर्णोद्धार समित्यांना जमत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याच प्रश्नाच्या उत्तरात अनेक कारणे देतो: व्रण विजयाची खूण आहेत, ते शिष्यांची श्रद्धा दृढ करतात, पित्यापुढे मानवासाठी केलेल्या याचनेत ते दाखवले जातात, आणि शेवटच्या न्यायाच्या दिवशी ते दोषींसमोर पुरावा म्हणून उभे राहतील. पहिल्या कारणात व्रण हे पदक आहे आणि शेवटच्यात ते न्यायालयातील साक्ष आहे. एकाच खुणेची ही दोन वाचने शेजारीशेजारी ठेवली गेली, आणि युद्धाच्या अवशेषांची नोंद करणाऱ्या प्रत्येकाला, त्याला धर्मशास्त्र ठाऊक असो वा नसो, या दोहोंमधून निवड करावीच लागते.

या किनाऱ्यावर पदकाचे वाचन फार जुने आणि फार बलवान आहे. बोरिवलीजवळ एकसर येथे सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा, जिच्यावर खालून वर चढत जाणारे शिल्पपट असतात. एकसरच्या काही शिळांवर वल्ह्यांची जहाजे एकमेकांवर चालून जाताना दिसतात, आणि ही लढाई तेराव्या शतकातील शिलाहार राजा सोमेश्वर व यादव राजा महादेव यांच्यातली असावी असे मानले जाते. तळाच्या पटात कापाकापी असते, मधल्या पटांत अप्सरा वीराला वर नेतात आणि सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. शिल्पकाराने युद्धाचा तपशील टाळलेला नाही, उलट जहाजांच्या रचनेविषयी अभ्यासकांना जे थोडे कळते ते याच शिळांवरून कळते. पण त्या तपशिलाला एकच वाट दिली आहे, वर जाणारी. जो पाण्यात पडून बुडाला आणि ज्याच्यासाठी शिळा उभारायला कोणी नव्हते, तो या मांडणीत केवळ तळाच्या पटातली गर्दी आहे.

वसईनंतरच्या घंटांची कथा याहून गुंतागुंतीची. विजयानंतर किल्ल्यातील व प्रांतातील चर्चच्या मोठ्या घंटा मराठा सरदारांनी नेल्या आणि देवळांना वाहिल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, नाशिकला गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकराच्या आवारात त्या आजही आहेत आणि त्यांवर अनुक्रमे १७०७, १७२१ आणि १७२९ ही साले वाचता येतात. घंटा हे शस्त्र नव्हे, आणि तिचे काम एका धर्मातून दुसऱ्या धर्मात गेल्याने फारसे बदललेही नाही. ती पूर्वी मिस्सेला बोलावत असे, नंतर आरतीला. असे असूनही ती लूट होती. वाहणाऱ्याच्या मनात भक्ती होती यात शंका नाही, जशी मोहिमेच्या वेळी वज्रेश्वरीला बोललेल्या आणि नंतर देऊळ बांधून फेडलेल्या नवसात होती. येथे विजयाची वस्तू पूजेत विरघळली, आणि विरघळल्यामुळेच टिकली; किल्ल्यात राहिली असती तर ती भंगारात गेली असती, असे म्हणण्यालाही आधार आहे, कारण किल्ल्यातले बहुतेक सारे हलवण्याजोगे सामान नाहीसे झाले आहे. पण पूजेने वस्तू जपली तरी तिची गोष्ट जपली असे नाही. घाटावर घंटा पाहणाऱ्यांपैकी तिच्यावरचा क्रूस पाहून चमकणारे पुष्कळ असतात, आणि ती येथे कशी आली ही हकिकत पुजाऱ्याच्या किंवा वाटाड्याच्या तोंडून त्या त्या दिवशीच्या श्रोत्याप्रमाणे कमीजास्त होते.

पदकाच्या विरुद्ध टोकाला पश्चात्तापाचा लेख आहे, आणि त्याचाही तुकडा, निदान त्याच्या भावंडांचा तुकडा, याच तालुक्यात सापडला. अशोकाच्या चौदा मोठ्या शिलालेखांपैकी आठव्याचा अंश भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये सोपाऱ्याला मिळाला, आणि नवव्याचा अंश १९५६ मध्ये भुईगावला, म्हणजे सांडोरपासून फार लांब नव्हे. आठवा लेख राजाच्या शिकारीच्या सहलींऐवजी धम्मयात्रांविषयी बोलतो, नववा लोकांच्या निरर्थक मंगलविधींविषयी. या मालिकेतला तेरावा लेख, ज्यात कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली आणि त्यामुळे राजाला अनुताप झाला असे कोरलेले आहे, तो सोपाऱ्याला मिळालेला नाही. तो इतरत्र, दूरच्या खडकांवर पूर्ण वाचता येतो. खुद्द कलिंगात मात्र, धौली आणि जौगड येथे, तो कोरलाच गेला नाही. त्या जागी अधिकाऱ्यांना सौम्यपणाने वागण्याची आज्ञा देणारे वेगळे लेख आहेत. यामागचा हेतू राजनीतीचा असेल, कदाचित करुणेचाही असेल: जखमी माणसाला त्याच्या जखमेचा आकडा वाचून दाखवण्यात कोणती सभ्यता? परंतु परिणाम असा झाला की जगातला सर्वांत प्रसिद्ध युद्धपश्चात्ताप ज्यांच्याविषयी होता त्यांच्यासमोर तो कधी उच्चारला गेला नाही. थॉमसच्या कथेत नेमके उलट घडते. तेथे जखमी देहच पुढे येतो आणि पाहणाऱ्याला जवळ बोलावतो. नोंद कोणाच्या दिशेने तोंड करून उभी आहे, हा प्रश्न या दोन उदाहरणांतून जितका स्पष्ट होतो तितका कोणत्याही संवर्धन नियमावलीतून होत नाही.

दिशेचा हा मुद्दा प्रत्यक्ष सर्वेक्षणातही मध्यवर्ती असतो. पिलबॉक्सची लांबी, रुंदी आणि भिंतीची जाडी मोजणे सोपे असते. महत्त्वाचे मोजमाप म्हणजे प्रत्येक फटीतून दिसणारा आणि बंदुकीच्या टप्प्यात येणारा टापू. तो मोजण्यासाठी नोंद करणाऱ्याला आत जाऊन त्या फटीशी डोळा लावून उभे राहावे लागते, म्हणजे काही क्षण तरी मारणाऱ्याच्या जागी. हे निव्वळ तंत्र नाही. आतून पाहिल्याशिवाय बांधकाम समजत नाही, आणि फक्त आतून पाहिले तर समोरचा माणूस ‘लक्ष्य’ या एकाच रूपात दिसतो. म्हणून तीच व्यक्ती बाहेर येऊन त्या टापूतून, जेथे कोणी शेत कसत होते किंवा जाळे सुकवत होते, त्या फटीकडे उलट पाहील तेव्हाच नोंद पुरी होते. मोजमापाने दंतकथाही कमी होतात. सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे तोंड करून बसवल्या होत्या आणि जपानी सैन्य पाठीमागून जमिनीवरून आले तेव्हा त्या वळल्याच नाहीत, ही कथा जगभर सांगितली जाते; वस्तुतः त्यांतील अनेक तोफा वळत होत्या आणि डागल्याही गेल्या, पण त्यांचे गोळे मुख्यतः जहाजांचे पोलाद भेदण्यासाठी केलेले असल्याने पायदळावर त्यांचा उपयोग थोडा झाला. उपहासाला सोयीची दंतकथा जाऊन तेथे दारूगोळ्याच्या कोठारातील यादी येते, जी कमी रंजक असली तरी पराभूतांवर कमी अन्याय करते.

आपण स्वतः पुजत नसलेल्या वस्तूची काटेकोर नोंद कशी करावी, याचा मराठीतला सर्वांत जुना धडा अपेक्षित नसलेल्या ठिकाणी मिळतो. महानुभाव पंथाच्या वाङ्मयात ‘स्थानपोथी’ नावाचा चौदाव्या शतकातील ग्रंथ आहे, ज्यात पंथप्रवर्तक चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, जेवले, चालले त्या जागांची वर्णने आहेत: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या कोपऱ्यात काय आहे, पायऱ्या कोठे आणि मठ कोठे. महानुभाव त्या देवळांतील देवतांना परमेश्वर मानत नाहीत. त्यांची श्रद्धा त्या मूर्तींवर नव्हे, स्वामींचा संबंध जेथे घडला त्या जागेवर आहे. तरीही, किंवा म्हणूनच, त्यांनी परक्या देवतांची देवळे अशा बारकाईने टिपून ठेवली की यादवकालीन वास्तूंच्या अभ्यासकांना आज तो ग्रंथ आधाराला घ्यावा लागतो. त्यात देवतेची स्तुती नाही आणि निंदाही फारशी नाही. जागा खरी असली पाहिजे, कारण तेथे जे घडले ते खरे होते, या एका निष्ठेने हे सारे लिहिले गेले. चक्रधरांच्या लीळा गोळा करताना म्हाइंभटांनी ज्याने पाहिले त्याला गाठून विचारण्याची जी शिस्त पाळली, तीच येथे दगडांना लावलेली दिसते. युद्धाच्या ठाण्यांची नोंद करणाऱ्याला यापेक्षा चांगला गुरू मिळणे कठीण आहे, कारण त्यालाही अशाच वास्तूपुढे उभे राहायचे असते जिच्यातली ‘देवता’ त्याला मान्य नाही, परंतु जेथे माणसांचा संबंध घडला आहे.

याच्या अगदी विरुद्ध मार्गाने गेलेले एक उदाहरण फ्रान्समध्ये आहे आणि ते टाळता येत नाही. पॉल व्हिरिलिओ या विचारवंताने अटलांटिक किनाऱ्यावर जर्मनांनी बांधलेल्या बंकरांची वर्षानुवर्षे छायाचित्रे घेतली आणि १९७५ मध्ये ‘बंकर आर्किऑलॉजी’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ काढला. या ठोकळ्यांत त्याला थडग्यांचे आणि देवळांचे साम्य दिसले. त्याआधीच, क्लोद पॅरों या वास्तुशिल्पकारासह, त्याने नव्हेर शहरात संत बर्नादेतचे चर्च उभे केले, जे १९६६ मध्ये उपासनेसाठी खुले झाले आणि जे बाहेरून उघडउघड बंकरासारखे दिसते. युद्धाचे रूप प्रार्थनेला देण्याचे हे धाडस काहींना विकृत वाटले, काहींना विसाव्या शतकाचे एकमेव प्रामाणिक चर्च. वसईकडून पाहिले तर त्यात नवल कमी वाटते: येथे शतकानुशतके चर्च आणि तोफ एकाच तटात राहिली, आणि आजही गोन्सालो गार्सिया या वसईत जन्मलेल्या व १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर मारल्या गेलेल्या संताचा सण त्याच किल्ल्यातल्या चर्चमध्ये होतो, तर मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या स्मारकापाशी विजयोत्सव होतो. नव्हेरच्या चर्चचा खरा दोष वेगळा आहे. अटलांटिक किनाऱ्यावरचे मूळ बंकर टोट संघटनेने बांधले, आणि त्यासाठी वेठीला धरलेले मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतून आणलेले लोक राबवले. काँक्रीटच्या आकाराचे सौंदर्य उचलताना ती माणसे मागे राहिली. आकार उसना घेता येतो, श्रम घेता येत नाहीत.

आणि याच ठिकाणी आपल्याकडच्या नोंदीही बहुधा अपुऱ्या पडतात. वसईच्या तटाचा दगड कोणी फोडला, चुना कोणी मळला, सुरुंगाची भुयारे खणणारे कोणत्या गावचे, भोवतालच्या वाड्यांतून कोणाला वेठीला नेले गेले, याचे रकाने प्रपत्रात नसतात, कारण उत्तर मिळण्याची आशा थोडी असते. रकाना रिकामा ठेवणे आणि रकानाच न ठेवणे यांत मात्र फरक आहे. रिकामा रकाना निदान कोणाविषयी विचारायचे राहिले ते दाखवतो. किनाऱ्याची धूप चालू आहे, अर्नाळ्याकडे ती डोळ्यांना दिसते, आणि वाळूतले बुरूज काही दशकांत समुद्राच्या स्वाधीन होतील हे गृहीत धरूनच काम करावे लागते. सगळे वाचवणे शक्य नाही, आणि धर्मदृष्ट्या आवश्यकही नाही. भंगलेली मूर्ती पाण्यात सोडण्याची रीत ज्या समाजात आहे त्याला वस्तू जाऊ देण्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. मूर्ती सोडताना तिचे नाव मात्र घेतले जाते.

घंटांचा प्रश्न अशा नोंदीत थोडा वेगळ्या पद्धतीने मांडता येतो. त्या परत कराव्यात की नाहीत यावर भावना दोन्ही बाजूंनी तीव्र होऊ शकतात, आणि सर्वेक्षकाला तो निवाडा देण्याचा अधिकार नाही. परंतु वसईच्या किल्ल्याच्या यादीत त्या असल्याच पाहिजेत, गैरहजर वस्तू म्हणून, त्यांच्या वजनमापांसह, ओतल्याच्या सालासह आणि आज जेथे टांगलेल्या आहेत त्या देवळाच्या नावासह. आणि मेणवली, नाशिक, भीमाशंकर येथील देवस्थानांच्या यादीत त्याच घंटा हजर वस्तू म्हणून, १७३९ या सालासह आणि ज्या प्रांतातून आल्या त्याच्या नावासह याव्यात. सांडोरचा भाविक आणि मेणवलीचा भाविक यांना त्यामुळे एकमेकांची गावे एकाच पानावर सापडतील, आणि पुढचे बोलणे, जर व्हायचे असेल तर, त्या पानावरून सुरू करता येईल.